उघडता येणारा हेडफोन

३ मार्च, सोमवार

प्रिय खटपट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता टाईप केलाय. फसवलं असं वाटत असेल तर वाटू दे. सरळ मार्गाने तीन वर्षं प्रयत्न करून झालाय. फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर "हं" म्हणतोस, आणि त्या एका "हं"चे मी पुढचे आठ दिवस अर्थ लावत बसते.

काम आहे म्हणून लिहितेय. मला हेडफोन घ्यायचा आहे. आपल्या घरात त्यातलं कळणारा माणूस एकच, आणि तो माझ्याशी बोलत नाही, अशी माझी अडचण.

तू आता दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसतोस आणि दिवसाला वीस-वीस हेडफोन उघडतोस, असं आईकडून कळलं. म्हणजे कुठला कशाने मरतो हे तुला ठाऊक असणार. माझं काम काही बदललेलं नाही. कुठे कामावर अपघात झाला की चौकशीत लोक जे बोलतात ते रेकॉर्डिंग कानात घ्यायचं, पाय आवाज सुरू-बंद करायच्या पेडलवर, हात कीबोर्डवर, आणि जसंच्या तसं टाईप करायचं. दिवसाचे आठ तास, आज एकवीस वर्षं. तीन वर्षांत चार हेडफोन झाले. पहिल्याची वायर पिनेपाशी सैल झाली. दुसऱ्याचा पट्टा डोक्यावरच तडकला. तिसऱ्याच्या गाद्यांचा काळा भुगा व्हायला लागला, तो माझ्या केसांत आणि कॉलरवर. चौथा बिनवायरचा आहे, त्याची तऱ्हाच वेगळी. पेडल दाबलं की आवाज अर्ध्या क्षणाने येतो, तोवर माझी बोटं पुढे गेलेली असतात, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याची बॅटरी मान टाकते. आता साहेब म्हणतात, तुमचा तुम्ही आणा.

मला काय हवं ते ऐक. रोज बॅगेतून जाणार-येणार. बॅगेत डबा, छत्री, आईची औषधं, त्यामुळे चेंगराचेंगरी ठरलेली. दिवसभर घालून कान दुखू नयेत. गाण्यांची धडधड नको, माणसाचं बोलणं स्वच्छ हवं. आणि थांबे ऐकू यायला हवेत. माणूस बोलता बोलता कुठे थांबला, कुठे श्वास घेतला, ते. इथल्या एका दुकानदाराला हे सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला.

जरा घाई आहे. एप्रिल सरायच्या आत हवा.

त्या गोष्टीबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. फक्त हेडफोनचं लिही.

आई बरी आहे. ऐकू कमी येतं म्हणते, पण तुझं नाव मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी बाहेरच्या खोलीतून विचारते, "काय म्हणाला?"

तुझी,
ताई

१४ मार्च, शुक्रवार

प्रिय खटपट्या,

तुझं उत्तर मिळालं. मायना नाही, खुशाली नाही, शेवटी सही नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीसारख्या सहा ओळी. तरी चार वेळा वाचल्या. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ संपत आली की खाली घसरणारं.

चिठ्ठी घेऊन मी तीन दुकानं पालथी घातली. वायर काढून दुसरी लावता येते तोच घे, असं तू लिहिलंस, कारण वायर जिथे आत शिरते तिथेच हेडफोन मरतो. मी प्रत्येकाची वायर ओढून पाहिली. गाद्या बोटाने निघायला हव्यात, म्हणून गाद्या उचकटून पाहिल्या. बिजागरी धातूची हवी, म्हणून नखाने वाजवून पाहिली. पट्टा दोन्ही हातांनी ताणला तेव्हा दुकानदार म्हणाला, "बाई, तोडायला घेताय का?" मी म्हटलं, "तुटतो का ते आधी बघतेय. नंतर बघून काय उपयोग?"

तुझ्या पाचव्या ओळीने मात्र सगळ्यांची विकेट काढली. स्क्रू दिसत नसतील तर खाली ठेव. डिंकाने चिकटवलेला उघडता येत नाही, उघडता येत नाही तो दुरुस्त होत नाही, आणि दुरुस्त होत नाही त्याला मी टिकाऊ म्हणत नाही. मी तिसऱ्या दुकानात विचारलं, "याचे स्क्रू कुठे आहेत?" तो म्हणाला, "स्क्रू कशाला हवेत? बिघडला की नवा घ्यायचा." मी रिकाम्या हाताने बाहेर पडले.

येताना बाबांचा रेडिओ आठवला. तू नऊ वर्षांचा, मी पंधराची. तू तो जमिनीवर पसरून परत जोडलास आणि एक स्क्रू उरला. बाबा यायच्या आत तो कुठे लपवायचा म्हणून तू तोंडात धरून बसलास, आणि बाबांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवलीस. रेडिओ तेव्हापासून जास्त चांगला वाजायला लागला. अजूनही आईला कुणी वेडसर वाटलं की ती म्हणते, "याचा एक स्क्रू उरलाय."

सहाव्या ओळीत तू विचारलंस, एवढी घाई कसली. आमच्याकडे रेकॉर्डिंग तीन वर्षं ठेवतात आणि मग पुसतात. तीस एप्रिलला एक गठ्ठा पुसला जाणार आहे, त्याची यादी माझ्या टेबलावर आली. त्यातली काही एकदा ऐकून घ्यायची आहेत. कामाचंच आहे.

एक सहज विचारते. समज, हेडफोनची वायर पिनेपाशी सैल आहे आणि ऐकताना मध्येच खर्र होतं. ते खर्र रेकॉर्डिंगमध्ये असतं की नुसतं कानात? म्हणजे पुढे कधी चांगल्या हेडफोनने ऐकलं, तर खरखरीखाली दबलेला मूळचा आवाज सापडतो का?

आईचा रक्तदाब ठीक आहे.

तुझी,
ताई

२५ मार्च, मंगळवार

प्रिय खटपट्या,

तू लिहिलंस, "खर्र फक्त कानात होतं. रेकॉर्डिंग स्वच्छच असतं. एकवीस वर्षं हे काम करून तुला एवढं माहीत नाही, यावर माझा विश्वास नाही. ताई, कुठलं रेकॉर्डिंग?"

तीन वर्षांनी तू मला ताई म्हणालास. तेवढ्यावर मी बरेच दिवस जगले असते. पण त्याखाली अजून एक ओळ होती. "माझं असेल तर राहू दे. मी विचार करून थकलोय. कदाचित मी व्हॉल्व्ह बंद केलाच नसेल. सगळे म्हणतात तसंच झालं असेल."

ही ओळ वाचल्यावर मला गप्प राहता येणार नाही. मी टेबलाशी बसून तीनदा उठले. आई म्हणाली, "भाजी करपतेय." करपली.

तुझंच रेकॉर्डिंग आहे. चारशे सतरा नंबरचं.

तुझा जबाब मी टाईप केला होता. खाली "टंकलेखक क्रमांक चार" असं छापलेलं होतं ना, ती मी. आमच्याकडे रेकॉर्डिंगवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. आवाज ओळखीचा निघाला तर तसं चिठ्ठीवर लिहून परत करायचं, असा नियम आहे. तू पहिल्यांदा खाकरलास तेव्हाच मी ओळखलं. परत केलं नाही. मला वाटलं, दुसरीकडे गेलं तर कुणीतरी घाईत उरकेल, तुझा जबाब मीच नीट करीन.

तू सगळं सांगितलं होतंस. धुलाईखान्यात पाइपचा जोड दुरुस्त करायचा होता, त्याआधी तू बॉयलरच्या वाफेचा मेन व्हॉल्व्ह बंद केलास, त्याच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलंस आणि चावी खिशात ठेवलीस. तरी जोडातून वाफ आली आणि इस्त्रीवरच्या मावशींचा हात कोपरापर्यंत भाजला. व्हॉल्व्ह आतून झिजलाय, बंद असूनही वाफ सोडतो, हे दोनदा वर कळवलं होतं, असंही तू म्हणालास. मग चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही मेन व्हॉल्व्ह बंद केला का?"

मी तुझं उत्तर असं टाईप केलं: "केला नाही. चावी माझ्याच खिशात होती."

तू म्हणाला होतास: "केला ना. ही चावी माझ्याच खिशात होती."

अक्षरं तीच आहेत. "ना" आणि "ही". मध्ये एक श्वास. तो श्वास काढला की बंद केलेला व्हॉल्व्ह उघडा होतो, आणि कुलूप लावल्याचा पुरावा असलेली तीच चावी, कुलूप लावलंच नाही याचा पुरावा होते. माझ्या हेडफोनची वायर पिनेपाशी सैल होती. नेमकं तिथेच खर्र झालं आणि श्वास बुजला.

टाईप केलेले नऊ कागद सहीसाठी तुझ्यापुढे ठेवले, तू वाचले नाहीस. मावशींना दवाखान्यात बघून आला होतास म्हणे. तसाही तू आयुष्यात कुठे वाचून सही केली आहेस. मग चौकशी समितीने तुझं आधीचं सगळं सारवासारव आणि ती एक ओळ कबुली धरली, बॉयलरचं लायसन्स गेलं, काम गेलं, आणि तू "मी असं म्हणालोच नाही" म्हणत राहिलास तेव्हा लोकांनी तुझी सही तुझ्यासमोर धरली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात आलास. आत आला नाहीस. "ताई, फक्त एकदा ते रेकॉर्डिंग ऐकून बघ," म्हणालास. मी म्हटलं, "मला त्यात पडता येत नाही. आणि ऐकून काय होणार आहे?" मी चक्क कानांवर हात ठेवले. तू चप्पल न काढताच परत फिरलास.

तर असं झालं. वायरीने घात केला. तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. तू व्हॉल्व्ह बंद केला होतास, पुन्हा कधी तसं म्हणू नकोस.

ताई

४ एप्रिल, शुक्रवार

प्रिय खटपट्या,

पार्सल मिळालं. शिक्का चोवीस मार्चचा आहे. म्हणजे माझं पत्र मी लिहिलंही नव्हतं तेव्हा तू हे बांधून पाठवलंस. आता तुझ्या हाती ते पत्र पडून आठवडा झाला असेल आणि तुझ्याकडून काही नाही. काही यावं असं मीही म्हणत नाही.

पार्सल आईने उघडलं, मला हात लावायचा धीर झाला नाही. जुना, जड, काळा हेडफोन. गाद्या नव्या घातलेल्या. बिजागरीत पोलादी खीळ. वायर दोन्हीकडून निघते आणि दुसरी वायर गुंडाळून रबर लावून दिलेली. कपांच्या आत लाल रंगाने "डा" आणि "उ" लिहिलेलं, कारण माझं डावं-उजवं अजून चुकतं हे तुझ्या लक्षात आहे. आणि चिठ्ठी: "नवा घेऊ नकोस. हा जुना आहे, पण उघडता येतो. रोज घाल, बॅगेत टाक, दहा वर्षं बघायला नको. एक स्क्रू उरला." खाली तो स्क्रू चिकटपट्टीने लावलेला.

आई हसली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी तो घातला आणि हातातलंच एक कुणाचं तरी रेकॉर्डिंग लावलं. बोलणाऱ्याने आवंढा गिळलेला ऐकू आला. साहेबांच्या खुर्चीची करकर, कागद पालटल्याचा आवाज, खिडकीबाहेर कुणीतरी लांबून मारलेली हाक. एकवीस वर्षं मी हे काम करतेय आणि एवढं कधी ऐकलं नव्हतं. हे कानात घालून तुला अर्धवट खरं लिहिणं मला जमेना.

वायरीने घात केला असं मी लिहिलं. ते खोटं आहे. वायर सैल होती एवढंच खरं.

तुझी ती ओळ मी तीनदा ऐकली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा वायर अंगठ्याने दाबून धरली होती. तशी धरली की खर्र व्हायचं नाही, आम्ही सगळ्या तशाच धरायचो. अगदी स्वच्छ ऐकू आलं. "केला ना." मग तुझा श्वास. मग "ही चावी", आणि चावी टेबलावर ठेवल्याचा खण आवाज. तू साहेबांना चावी दाखवत होतास. माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच भीती वाटली.

भीती कसली ते सांगते, म्हणजे तुला माझी लाज किती वाटून घ्यायची ते ठरवता येईल. रेकॉर्डिंग परत न करून मी नियम मोडला होता. आता ही ओळ तुला सोडवणारी, आणि टाईप करणारी तुझी सख्खी बहीण. उद्या कुणी खोदून काढलं तर म्हणतील, बहिणीने भावाच्या सोयीचं ऐकलं. म्हणून दुसऱ्यांदा ऐकलं. अंगठा सटकला आणि खर्र झालं, "नाही" असं वाटलं. तिसऱ्यांदा अंगठा मी मुद्दाम काढला.

शंका असेल तिथे आम्ही कंसात "अस्पष्ट" लिहितो. एवढा एक शब्द लिहिला असता तरी आमच्या साहेबांनी स्वतः ऐकलं असतं. पण मग माझी कोरी चिठ्ठीही पाहिली असती, टंकलेखक कोण तेही पाहिलं असतं. मी "नाही" टाईप केलं आणि पुढच्या ओळीवर गेले. तुझ्या बाजूने एक अक्षरही पडू नये एवढी मी प्रामाणिक झाले, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मी माझी नोकरी वाचवली.

तू व्हॉल्व्ह बंद केला होतास. हे जगात दोनच माणसांना पक्कं माहीत होतं. त्यातल्या एकाला आपल्याच आठवणीची शंका यायला लागली, आणि दुसरी तीन वर्षं मूग गिळून बसली.

आज सकाळी मी अर्ज दिला. चारशे सतरा पुसू नका, जबाब चुकीचा टाईप झालाय, तो मी जाणूनबुजून केलाय, आणि जबाब देणारा माझा भाऊ आहे. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि मला बसा म्हणाले नाहीत.

ताई

१२ एप्रिल, शनिवार

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र नाही. दुकानात फोन केला तर कुणीतरी म्हणालं, "आहेत, पण कामात आहेत." मागे तू काहीतरी ठोकत होतास. ठोकणं तुझंच होतं, दोन जोरात आणि एक हलकं.

बुधवारी साहेब आणि हेडक्लार्क बाईंनी मला बोलावून माझ्यासमोर ऐकलं. आधी कार्यालयाचा बिनवायरचा लावला. बाई म्हणाल्या, "नाही म्हणतायत की." साहेबांनाही तसंच वाटलं. तो हेडफोन ऐकू येणाऱ्यातले बारीकसारीक आवाज साफ करून देतो, त्याची जाहिरातच तशी आहे. साफ करता करता तुझा श्वासही त्याने कचऱ्यात काढला.

मग मी तू दिलेला पुढे केला. बाईंनी तो घातला, मी पेडल दाबलं, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी बोट वर केलं, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. मग हेडफोन काढून म्हणाल्या, "थांबतात ते. ना म्हणतात आणि थांबतात. आणि हे काय, चावी ठेवली का टेबलावर?"

साहेबांनी ऐकलं. त्यांना एकदा थांबा ऐकू आला, एकदा नाही. मग त्यांनी विचारलं, "हा कुठून आणलात?" मी खरं सांगितलं. खोटं बोलायची आता ताकद नाही. ते म्हणाले, "म्हणजे ज्याचा जबाब, त्यानेच बनवून दिलेलं यंत्र. समिती हे कशी मानेल?" बाई म्हणाल्या, "त्याला स्क्रू आहेत साहेब. समितीसमोर उघडून दाखवायला सांगा. आत काय आहे ते दिसेल." खटपट्या, मला त्या बाई कधी आवडल्या नव्हत्या. बावीस जणींच्या खोलीत पेन्सिल हरवली तरी उलटतपासणी करतात. बुधवारी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

तर असं ठरलंय. बावीस एप्रिल, मंगळवार, सकाळी साडेअकरा. जबाबात दुरुस्ती करायची तर जबाब देणाऱ्याने स्वतः हजर राहून ऐकावं लागतं, आवाज आपला आहे आणि आपण हेच म्हणालो, असं सांगावं लागतं. आणि हेडफोन उघडून दाखवायचा. तू आला नाहीस तर निकाल आहे तसाच राहील आणि तीस तारखेला चारशे सतरा पुसतील. माझ्या कबुलीने भागणार नाही. माझ्या कानांवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

मला सोमवारपासून घरी बसवलंय. पुढे काय ते नंतर कळेल. त्याचं मला फारसं वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटतं. सकाळी नऊ वाजले की पाय आपोआप पेडल शोधतो.

आईला सांगितलं. मग काल भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "तुला नीट ऐकू आलं होतं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग मला कमी ऐकू येतं तेच बरं." आणि ताटली जागेवर ठेवली.

तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तेवढं तोंड मला नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. तू तो व्हॉल्व्ह बंद केलास, कुलूप लावलंस, चावी खिशात ठेवलीस. ते स्वतःच्या कानांनी ऐकायला ये. नंतर माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

येशील का?

ताई

२१ एप्रिल, सोमवार, संध्याकाळ

प्रिय खटपट्या,

हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही. उद्या आलास तर हातात देईन. नाही आलास तर परवा टाकीन.

आज दुपारी फोन वाजला. दुकानातला गोंगाट आधी ऐकू आला, मग तुझं खाकरणं. मी उभीच राहिले. बोलायला पन्नास गोष्टी होत्या. त्यातली एकही न बोलता मी विचारलं, "उद्या येणार ना?"

तू म्हणालास, "येणार ना..."

आणि लाइन तुटली. तुझ्या मागे कुणीतरी यंत्र सुरू केलं होतं, त्याची घरघर "ना"च्या पाठोपाठ आली. त्या घरघरीत काहीतरी होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मी चार वेळा उलट फोन लावला. लागला नाही.

तेव्हापासून मी ते दोन शब्द डोक्यात फिरवतेय. एकदा वाटतं, तू माझ्या वाक्याला वाक्य लावून म्हणालास, येणार ना, त्यात काय विचारायचं. एकदा वाटतं, नाही म्हणता म्हणता फोन कापलास. पाच वाजेपर्यंत मी पहिलं खरं मानलं, मग दिवाबत्तीच्या वेळी दुसरं. दोन्ही वेळा मला अगदी स्पष्ट ऐकू आल्यासारखं वाटलं. तेव्हा मी फोनपाशी ठेवलेल्या वहीत लिहून टाकलं, "येणार ना", आणि पुढे कंसात "अस्पष्ट".

बॅग भरून ठेवलीय. हेडफोन, दोन्ही वायरी, उरलेला स्क्रू. स्क्रूड्रायव्हर मी घेतलेला नाही. तो तुझ्या खिशात असतो.

आई आतून विचारत होती, "काय म्हणाला?" तिला फोनची घंटी ऐकू आली होती. मी तिच्या खोलीत गेले, तिच्या खाटेवर बसले आणि म्हटलं, "आई, मला नीट ऐकू आलं नाही."

एकवीस वर्षांत मी हे वाक्य कुणाला बोलले नव्हते. ती पांघरूण सारखं करत म्हणाली, "मग उद्या वेळेवर जा, आणि दारात उभी राहून बघ."

तुझी,
ताई